बाहेर जाणं नेमकं कुठे अडतं?

मागच्या अंकात घरातल्या पडण्याबद्दल लिहिलं होतं, ओली फरशी, रात्रीचा दिवा, सरकणारं पायपुसणं वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी घराबाहेरचंच विचारलंय. रस्ता, सिग्नल, बस, पायऱ्या, बसायला जागा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी काम करते, आणि वय झालेल्या माणसांसोबत रस्त्यावर चालणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. रोज वाचनालयात चालत जायच्या, चार महिने झाले जातच नाहीत. विचारलं की म्हणतात, आता नको वाटतं. डॉक्टर म्हणतात गुडघे वयाच्या मानाने ठीक आहेत. घरात बसून बसून चिडचिड वाढलीये. मनाचं काही असेल का?

मनाचं असू शकतं, पण मी तिथून सुरुवात करणार नाही. "नको वाटतं" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि खोदून पाहिलं की बहुतेक वेळा त्याच्याखाली रस्त्यातली एखादी विशिष्ट जागा निघते.

माझ्या आईचंच सांगते. ती रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे जायची, सात-आठ मिनिटांचा रस्ता. एकदम जाणं बंद झालं. मी तिला गुडघ्याचे व्यायाम दिले, तिने ते मन लावून केले, तरी बाहेर पडायला तयार नाही. मग एक दिवस मी हट्टाने सोबत गेले आणि मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहिले. चौकाच्या आधी फूटपाथ संपतो तिथे उतार नाही, सरळ फूटभर खाली पाय टाकायचा, धरायला काही नाही. आई तिथे थांबली, उजवा हात बाजूला लांब केला आणि तो हात हवेतच राहिला. तिथे म्हणे कायम एक स्कूटर उभी असायची, तिच्या सीटवर तळहात टेकवून ती खाली उतरायची, कितीतरी वर्षं. स्कूटरवाले घर बदलून गेले, स्कूटर गेली आणि आईचं मैत्रिणीकडे जाणंही गेलं. हे तिला स्वतःला शब्दांत सांगता आलं नव्हतं, तिला एवढंच कळत होतं की आता नको वाटतं.

तर तुम्ही सासूबाईंसोबत त्याच रस्त्याने, त्यांच्या नेहमीच्या वेळेला जा. पुढे चालू नका, हात धरू नका, बाजूला अर्धं पाऊल मागे राहा आणि बघत राहा. कुठे वेग कमी होतो, कुठे हात काहीतरी शोधतो, कुठे मान खाली जाते. आणि गप्पा मारत चला, बोलता बोलता त्या कुठे गप्प होतात किंवा बोलायचं म्हणून चालायच्या थांबतात ते बघा. चालणं अवघड झालं की सगळं लक्ष पायाकडे लागतं आणि मग बोलणं आणि चालणं एकत्र जमत नाही, स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हे नोंदवलं होतं की बोलायला लागलं की चालायचे थांबणारे लोक नंतरच्या काळात पडण्याची शक्यता जास्त असते.

एक फेरी म्हणजे एक साखळी असते, घराचा जिना, गेट, फूटपाथ, चौक, वाचनालयाच्या पायऱ्या. बाकी सगळ्या कड्या धड असल्या आणि एकच तुटकी असली तरी माणूस घरीच बसतो, नव्वद टक्के पोहोचून काही उपयोग नसतो. ती कडी सापडली की निम्मं काम झालं. कधी वीस पावलं पुढे जाऊन दुसरीकडून रस्ता ओलांडणं एवढंच पुरतं. कधी पालिकेला लिहावं लागतं, तेव्हा "फूटपाथ खराब आहेत" असं नका लिहू, नेमकी जागा, फोटो, आणि शेजारी पट्टी धरून उंची लिहा. चांगल्या फूटपाथची कड साधारण १५ सेंटिमीटर असते, आईच्या चौकातली ३० होती. आणि कड उतरती करणं हे काही जगावेगळं मागणं नाही, अमेरिकेत कालामाझू नावाच्या शहरात १९४० च्या दशकातच युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांसाठी असे उतार केले होते, आज त्यावरून बाबागाड्या आणि चाकांच्या बॅगा सगळ्यात जास्त जातात.

हे सगळं बघूनही रस्त्यात काहीच सापडलं नाही, तर मात्र मनाचं, कानाचं, डोळ्याचं तपासून घ्या.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे, तब्येत चांगली आहे. पण आमच्या मोठ्या रस्त्यावर माणसाचा हिरवा दिवा लागला की मी लगेच निघतो तरी निम्म्यात लाल होतो. गाड्या हॉर्न मारतात. मी खरंच इतका हळू झालोय का?

काका, तुम्ही हळू झाला नाहीत, सिग्नल दुसऱ्याच माणसासाठी लावलाय. जगात बऱ्याच ठिकाणी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांचा ०.८ मीटर निघाला. म्हणजे बहुतेक सगळे त्या गृहीतकाच्या मागेच. आता हिशोब करा, रस्ता १२ मीटर रुंद असेल तर सिग्नलच्या माणसाला १० सेकंद लागतात आणि ०.८ वाल्या बाईंना १५. असेच जास्तीचे सेकंद तुम्ही लाल दिव्यात, रस्त्यावर काढताय.

सिंगापूरने २००९ पासून यावर एक साधा उपाय काढलाय. ज्येष्ठांनी खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. बाकी वेळ सिग्नल नेहमीसारखाच. मला हे फार आवडतं कारण त्यात कोणाकडे विनवणी करावी लागत नाही.

तुमच्याकडे ते येईपर्यंत, आधीच लागलेल्या हिरव्यावर कधीच निघू नका, किती सेकंद उरलेत ते माहीत नसतं. लाल होऊ दे, थांबा, नवा हिरवा लागला की पहिल्या सेकंदाला पाऊल टाका. मध्ये दुभाजकाला उभं राहण्याएवढी रुंद जागा असेल तर सरळ दोन टप्प्यांत जा, अर्ध्यावर थांबण्यात कमीपणा नाही. आणि एक काम नक्की करा, मोबाईलवर हिरव्याचे सेकंद मोजा, तीन वेगवेगळ्या वेळांना मोजा, रस्त्याची रुंदी पावलांनी नाही तर टेपने मोजा (एकट्याने नको, नातवाला घेऊन, गर्दी नसताना). "सिग्नल कमी पडतो" या तक्रारीला उत्तर येत नाही, "१४ मीटरला ११ सेकंद आहेत" याला कोणालातरी उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : आई बसमध्ये चढली, सीटपर्यंत पोहोचायच्या आत बस सुटली आणि ती पडली. खांद्याला मार लागला. आता ती बसने जायला घाबरते आणि मलाही तिला जा म्हणवत नाही.

तुमची भीती समजते. बसमध्ये लागतं ते प्रत्येक वेळी अपघात होऊन लागत नाही, गाडी कुठेही न धडकता, नुसत्या सुटण्याच्या आणि ब्रेकच्या धक्क्याने लोक पडतात, आणि त्यात वयस्कर जास्त. धक्का बसला की तरुण माणूस पटकन एक पाऊल टाकून सावरतो, वय झालं की ते पाऊल थोडं उशिरा पडतं. खरा उपाय ड्रायव्हरच्या हातात आहे, काठी किंवा पांढरे केस दिसले की माणूस बसेपर्यंत थांबायचं, त्याला काही सेकंद लागतात. ज्या बस कंपन्या ड्रायव्हरला हे शिकवतात आणि त्यासाठी वेळापत्रकात थोडी सूट ठेवतात तिथेच ते होतं, नुसती सूचना चिकटवून होत नाही. कारण उशीर झाला म्हणून ड्रायव्हरलाच बोलणी बसणार असतील तर तो बिचारा का थांबेल?

दुसरी गोष्ट चढण्याची. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात बसचे स्वतंत्र रस्ते १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९१ मध्ये नळीसारखी काचेची स्टेशनं आली, तिकीट आधीच काढलेलं, स्टेशनची फरशी आणि बसची फरशी एका उंचीवर, दार उघडलं की नुसतं पुढे चालायचं. आता लो फ्लोअर बस बऱ्याच शहरांत असतात, काही तर थांब्यावर एका बाजूला खाली झुकतात. पण बस फूटपाथला चिकटून थांबली नाही तर हे सगळं वाया. आधी रस्त्यावर उतरा मग तिथून वर चढा, म्हणजे पायरी होती त्यापेक्षा उंच झाली. आणि बस चिकटून का थांबत नाही तर थांब्यासमोर कोणाची तरी गाडी उभी असते, "दोनच मिनिटं" म्हणून. ती दोन मिनिटं कोणाच्या तरी खुब्यावर निघतात, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय.

आईसाठी : बॅग खांद्यावर आडवी, दोन्ही हात मोकळे. तिकिटाचे पैसे किंवा पास आधीच हातात नको, पुढच्या खिशात. चढल्यावर आधी दांडा पकडायचा मग बाकी सगळं, सीट शोधत आत जायचं नाही, दाराजवळची पहिली राखीव सीट मागून घ्यायची, तोंडाने मागायची. उतरताना बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही, "उतरायचंय" असं आधी मोठ्याने सांगून ठेवायचं. पहिले चार-पाच वेळा दुपारच्या रिकाम्या बसने, दोन थांब्यांपुरतं, तुम्ही सोबत. भीती समजावून जात नाही, दोन थांबे नीट पार पडले की थोडी जाते, मग तीन.

प्रश्न : बाबा काठी घ्यायला तयारच नाहीत. म्हणतात म्हातारा दिसेन.

त्यांना काठी देऊन बघितली असेल तर ती बहुतेक चुकीच्या उंचीची असेल, चुकीची काठी खरंच माणसाला वाकवते. रोजचे बूट घालून सरळ उभं करा, हात सैल सोडू द्या, मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, हे बहुतेक जण उलटं करतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, नाहीतर काठीच घसरते. "म्हातारा दिसेन" याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे, ट्रेकिंगची काठी द्या. मी अनेकांना दिलीये, ती घेऊन माणूस डोंगरावर निघाल्यासारखा दिसतो आणि छान चालतो.

प्रश्न : वडील ८० वर्षांचे आहेत, अजून गाडी चालवतात. गेल्या काही महिन्यांत दोनदा गाडी घासली, एकदा तर गेटलाच. आम्ही भावंडांनी ठरवलंय की किल्ल्या लपवायच्या. तुमचं मत?

किल्ल्या लपवू नका. मी तुमच्या बाजूनेच बोलतेय, गाडी थांबायला हवी असेलही, पण अशी नाही. गाडी सोडलेल्या वयस्कर लोकांवर जे अभ्यास झालेत ते एकत्र करून पाहिलं तर नैराश्याची शक्यता जवळपास दुप्पट झालेली दिसते, आणि ते स्वाभाविक आहे, ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना नेलं-आणलं त्याला आता कोणी नेईल तेव्हाच जायचं असतं. त्यात फसवून काढून घेतलं तर तो तुम्हाला पुढची कुठलीच अडचण सांगणार नाही, चक्कर आली तरी लपवेल.

आधी डोळे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होत जातं, मग संध्याकाळी गेटचा खांब उशिरा दिसणं यात नवल नाही. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. त्यांची गाडी कुठे आणि किती वाजता घासली ते शांतपणे विचारा, दोन्ही वेळा अंधार पडताना झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला ते स्वतःच तयार होतील. मान वळते का हेही बघा, मागे बघता येत नाही म्हणून गाडी घासणारे खूप असतात. मग औषधं, झोपेची किंवा ॲलर्जीची एखादी गोळी सुस्ती आणत असेल. ड्रायव्हिंगची तपासणी करणारा थेरपिस्ट मिळत असेल तर तिथे न्या, घरच्यांनी "बंद करा" म्हणण्यापेक्षा बाहेरच्याने तपासून सांगितलेलं पचतं.

मग टप्प्याटप्प्याने, रात्री नाही, पावसात नाही, अनोळखी रस्त्याला नाही. आणि प्रत्येक "नाही" च्या बदल्यात काहीतरी हातात द्यायचं. आठवड्यात ते कुठे कुठे जातात त्याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या, बँक, मित्र, दवाखाना, बाग, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीशिवाय कसं जायचं ते गाडी हातात असतानाच दोन-दोनदा करून बघा. टॅक्सी असेल तर एक ओळखीचा ड्रायव्हर ठरवा, त्याला वडिलांनी स्वतः फोन करायचा, तुम्ही नाही. कोणाला न विचारता निघता येणं, हीच तर गाडीतली खरी गोष्ट होती, ती जपा. काही शहरांनी हे सगळ्या गावासाठी केलंय. जपानमधल्या तोयामाने २००६ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर कमी उंचीच्या फरशीची ट्राम सुरू केली, लोकांनी थांब्यांच्या आसपास राहावं अशी आखणी केली आणि ६५ वर्षांपुढच्यांना शहरात जायला सवलतीचा पास दिला. तिथे गाडी सोडणं तेवढं जिवावर येत नसेल.

प्रश्न : आमच्या वस्तीत ज्येष्ठांचा गट आहे. पालिकेने सांगितलंय की यंदा थोडा निधी आहे, एक काम सुचवा. काही जण रॅम्प म्हणतात, काही जण बाकं. वाद मिटत नाहीये.

बाकं, आणि मी हे ठामपणे सांगते. रॅम्प एका इमारतीचं कुलूप उघडतो, बाक सगळा रस्ता आखूड करतं. ज्याला एका दमात दोनशे पावलंच चालता येतात त्याच्या रस्त्यात मधे बसायला मिळालं तर तो चारशे जातो, सहाशे जातो. पण बाक कसलं ते महत्त्वाचं. पाठ हवी, आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना हत्ते हवेत, कारण बसणं सोपं असतं, उठणं अवघड. उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, ठेंगण्या देखण्या बाकात माणूस रुततो. सावलीत, आणि शेजारी चाकाच्या खुर्चीला मोकळी जागा. ज्या चढावर लोक दम खायला कंपाऊंडच्या भिंतीला टेकतात तिथे पहिलं बाक लावा, भिंतीवरचे हाताचे डाग बघा, जागा सापडेल.

पुढच्या वर्षी रॅम्प कराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. तीन पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखे रॅम्प मी पाहिलेत, त्यावरून चाकाची खुर्ची ढकलणाराही घसरतो. कठडा दोन्ही बाजूंना, मुठीत मावेल असा गोल, आणि रॅम्पच्या टोकाच्या पुढे हातभर गेलेला, उतार संपला आहे हे हाताला कळतं.

आणि वाद मिटवायचा असेल तर सभेत मिटणार नाही, सगळे मिळून एकदा चाला, त्यातही जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांना घरी जाऊन विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्करांना सोयीच्या शहरांची मार्गदर्शिका काढली ती जगातल्या ३३ शहरांमधल्या वयस्करांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना विचारूनच तयार झाली होती.

प्रश्न : लिहायला संकोच वाटतो. मी ६९ वर्षांची आहे, चालते छान, पण बाहेर पडले की लघवीची घाई होते आणि रस्त्यात सोय नसते. म्हणून मैत्रिणीकडे जाणं सोडलं. निघायच्या आधी पाणीही पीत नाही.

संकोच अजिबात नको, पत्रांमध्ये हा प्रश्न अकरा जणींनी आणि चार पुरुषांनी विचारलाय, बहुतेकांनी नाव न लिहिता. रस्ता कितीही गुळगुळीत केला आणि वाटेत स्वच्छतागृह नसलं तर तो रस्ता तुमच्यासाठी बंदच आहे, हे नकाशे काढणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि तुम्ही लिहिलंत म्हणून मला इथे सांगता आलं.

पाणी मात्र तोडू नका. पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते आणि लघवी दाट होऊन घाई उलट वाढते. दिवसभर थोडं थोडं प्या, निघायच्या तासभर आधी जरा कमी चालेल, चहा-कॉफी त्या वेळेला टाळा. रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असते का ते डॉक्टरांना विचारा, तिची वेळ बदलता येते का तेही, स्वतःहून बदलू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, दोन-तीन महिने नेमाने केले तर बऱ्याच जणींना फरक पडतो, मी पाहिलाय. आणि मैत्रिणीच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर वाचनालय, दवाखाना, बँक, जे काही लागतं तिथे जाऊन एकदा विचारून ठेवा की गरज पडली तर वापरू द्याल का, आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं. पहिल्यांदा गेलात की मला कळवा, वाट बघतेय.